खोटा ठिपका

ठिपका चिकटवून हात मागे घेतला आणि लिटमसबाईंना एकदम जाणवलं, की आपण आत्ता चक्क खोटं बोललो. तोंडातून अवाक्षर निघालं नव्हतं. जे काही केलं ते अंगठ्याने केलं होतं. तरी कानांच्या पाळ्या गरम झाल्या. लिटमस हे अर्थातच त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. वीसेक वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा वात्रट तुकडीने ते ठेवलं, कारण रसायनशास्त्राच्या या बाईंच्या चेहऱ्याला मनातलं काही म्हणता काही लपवता येत नाही. आनंद झाला की लाल, राग आला की लाल, आणि लाज वाटली तर विचारूच नका. बुधवारी शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे आठ महिन्यांपूर्वी आलेल्या मुख्याध्यापिकांनी, सगळ्यांना वाचनालयात बोलावलं होतं. सगळ्यांना म्हणजे खरोखर सगळ्यांना: शिक्षक, कारकून, शिपाई, प्रयोगशाळेतले मामा, फाटकावरचा पहारेकरी. भिंतींवर लांबच लांब कागद, त्यांवर शाळेतल्या सहाशे बेचाळीस मुलांची नावं, आणि प्रत्येकाच्या हातात तीस हिरव्या ठिपक्यांची एक पट्टी. "ज्या मुलाबद्दल तुम्हाला रजिस्टरमध्ये नसलेली एखादी गोष्ट माहीत आहे," मोठ्या बाई म्हणाल्या, "आणि जे मूल अडचणीत आलं तर तुमच्याकडे येईल असं तुम्हाला मनापासून वाटतं, त्याच्या नावापुढे ठिपका लावा. गुण नकोत, हजेरी नको. आणि जिथे आधीच ठिपका आहे तिथे गर्दी करू नका. रिकाम्या ओळी बघा." लोक हसत, एकमेकांना ढकलत भिंतींना भिडले. लिटमसबाईंचे पहिले नऊ ठिपके भराभर लागले. हात वर करणारी मुलं, पहिल्या बाकावरची मुलं, प्रयोगवही वेळेवर देणारी मुलं. दहाव्यापाशी गाडी अडली. शेजारी मामांची पट्टी संपत आली होती, पहारेकरी तर दुसरी पट्टी मागत होता, आणि यांच्या हातात एकवीस ठिपके जसेच्या तसे. समोर त्यांच्याच वर्गाचा, नववी बचा कागद होता आणि त्यात सतरा नंबरची ओळ कोरी. नाव वाचलं. चेहरा आठवेना. आठवला तो हजेरीच्या वेळचा एक बारीक आवाज: 'हजर'. वर्गशिक्षिका आपण, आणि आपल्याच वर्गात कोरी ओळ! त्यांना ती बघवेना. दया आली असंही म्हणता येईल, अब्रूची काळजी वाटली असंही म्हणता येईल. अंगठ्याने काही कुणाला विचारलं नाही.

अर्ध्या तासाने उपमुख्याध्यापकांनी एकही ठिपका न मिळालेल्या मुलांची यादी वाचली. अडतीस नावं. ही मुलं आपसांत वाटून घ्यायची, रोज त्यांच्याशी दोन शब्द बोलायचे, निदान दहा दिवस, आणि तेही गाजावाजा न करता. सतरा नंबर यादीत नव्हती. कशी असेल? तिला कोणीतरी होतं ना. "कोणी राहिलं का?" उपमुख्याध्यापकांनी चष्म्यावरून बघत विचारलं. सांगायला एवढी सोपी वेळ पुन्हा आली नसती. पण लिटमसबाईंच्या तोंडून भलतंच निघून गेलं, "चहा राहिला, सर." सगळे खदखदून हसले. त्याही हसल्या, आणि हसता हसता मान खाली घालून पर्सचा बंद नीट करत बसल्या.

खरं सांगायचं तर घरी जाताना त्यांना जेवढं वाईट वाटायला हवं होतं तेवढं वाटत नव्हतं. वाटत होती ती हुरहूर, उकळी फुटायच्या आधी भांड्याच्या तळाशी चाललेली असते तशी काहीतरी गडबड. वय एक्कावन्न, नोकरी चोवीस वर्षांची, तेच धडे, तेच प्रयोग, तोच निळ्याचा लाल आणि लालाचा निळा. आणि आज अचानक एक अशी गोष्ट समोर आली होती जिचं उत्तर त्यांना माहीत नव्हतं. ठिपका खोटा आहे ना? मग उद्या तो खरा करून टाकू. एका दिवसात एका माणसाची ओळख करून घ्यायला असं काय लागतं! बसमधून त्या एक थांबा आधीच उतरल्या, कारण बसवेना. रस्त्यावर दुकानांचे दिवे लागत होते, फुलवाला बादलीतलं पाणी ओतून देत होता, आणि त्या इतक्या झपझप चालत होत्या की दोघा-तिघांनी वाट सोडली. दार उघडून यजमान बघतच राहिले. "काय गं, लॉटरी लागली की काय?" "अहो, एक मुलगी शोधायचीय." "अगं बाई! हरवलीय?" "नाही. रोज वर्गात असते." यजमानांनी चोवीस वर्षांच्या अनुभवाने पुढे काही विचारलं नाही, फक्त पाण्याचा पेला पुढे केला. जेवताना त्या सतरा नंबरला विचारायचे प्रश्न मनात जुळवत होत्या. घरी कोण कोण असतं? आवडता विषय कोणता? मोठेपणी काय व्हायचंय? सात प्रश्न झाले, आठवा जुळवताना घास हातातच राहिला. मुलगा आठवला. तो तेव्हा सोळा वर्षांचा होता, याच टेबलावर, याच खुर्चीत बसलेला. "आई, तू मला काही विचारत नाहीस," तो म्हणाला होता, "तू मला तपासतेस." आणि लिटमसबाईंनी त्याला त्या दोन शब्दांतला फरक समजावून सांगितला होता, चांगली दहा मिनिटं, उदाहरणांसकट! आता तो दुसऱ्या शहरात असतो, दर रविवारी न चुकता फोन करतो आणि एका वाक्यात उत्तर द्या म्हटल्यासारखी उत्तरं देतो. जेवलो. बरा आहे. काम चालू आहे. त्यांनी मनातले सातही प्रश्न पुसून टाकले. मग पाटी अगदीच कोरी झाली आणि हुरहूर मात्र दुप्पट वाढली.

गुरुवारी त्या शाळेत पोचल्या तेव्हा झाडणं चाललं होतं. ऑफिसच्या फळ्यावर नवी सूचना लागली होती, तिच्याखाली सह्यांसाठी तक्ता. मागच्या लोखंडी जिन्याच्या दारांना आजपासून भोंगा बसवला आहे, कोणत्याही मजल्यावरचं दार आतून ढकललं की तो सबंध शाळेत वाजेल, तरी खऱ्या संकटाखेरीज दारे उघडू नयेत. सुरक्षिततेसाठी मोठ्या बाईंनी केलेल्या बावीस गोष्टींपैकी ही एक. लिटमसबाईंनी अर्धं लक्ष देऊन वाचलं आणि सही ठोकली. त्यांचं खरं लक्ष होतं हजेरीच्या रजिस्टरमध्ये. माणूस माहीत नाही तर नाही, निदान निरीक्षणं तर आपल्याकडे आहेत, असं त्यांना पहाटेच सुचलं होतं. सतराव्या ओळीवर पट्टी ठेवून त्या महिन्यामागून महिना बघत गेल्या. सकाळी रोज हजर. मधल्या सुट्टीनंतर मात्र लाल शाईतला 'उ'. उशिरा. पुन्हा उ. पुन्हा उ. आणि मग त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्याच. मंगळवार, गुरुवार, मंगळवार, गुरुवार! बाकीच्या वारी एकही नाही. मंगळवारी आणि गुरुवारी मधल्या सुट्टीनंतर नववी ब तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर प्रयोगशाळेत जाते. "सापडलं!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या की कारकुनाच्या हातातला शिक्का चुकीच्या कागदावर बसला. सव्वीस उ होते. आकडे कधी खोटं बोलत नाहीत, एवढी सुबक रचना आपोआप होत नाही, याच्यामागे काहीतरी कारण आहे आणि ते आपण आज शोधून काढणार, या आनंदात त्यांनी पान उलटलं, आणि तिथे पालकांना पाठवलेल्या पत्राची प्रत टाचलेली होती. आपल्या पाल्यास वेळेचे महत्त्व समजावून सांगावे. खाली सही त्यांची. सव्वीसही उ त्यांच्याच अक्षरातले, प्रत्येक उ वळणदार. एकदाही, एका मंगळवारी किंवा एका गुरुवारी, मान वर करून 'का गं?' एवढं आपण विचारलं नाही. सव्वीस वेळा ती दारात उभी राहिली असेल आणि सव्वीस वेळा आपण पेन उघडलं. आनंद होता तिथेच राहिला, पण त्याच्यात आता काहीतरी टोचत होतं.

मधली सुट्टी संपायला सात-आठ मिनिटं असताना त्यांनी स्वतःच ती वाट चालून बघायचं ठरवलं. नववी बच्या दारापासून घड्याळ लावलं. पुढचा जिना रुंद, दगडी, मधोमध कठडा. पहिला मजला, दुसरा मजला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर मोठी खिडकी आहे, तिच्या कट्ट्यावर त्यांच्या वर्गातल्या तीन मुली बसल्या होत्या. बाईंना बघताच तिघी उठून उभ्या राहिल्या. एक वर्गाची मॉनिटर, दुसरी तिची मैत्रीण, तिसरी त्या दोघींची मैत्रीण. कालच्या नऊ ठिपक्यांतले तीन. "बाई, वह्या द्या ना, आम्ही नेतो वर," मॉनिटर म्हणाली आणि गठ्ठा घेतलासुद्धा. किती गोड मुली, त्यांच्या मनात आलं. वर पोचल्या तेव्हा घड्याळात एक मिनिट चाळीस सेकंद झाले होते. वाटेत काहीच नव्हतं. जिना म्हणजे जिना. त्यांचा थोडा विरसच झाला. मग प्रयोगशाळेच्या दारात त्या थबकल्या, कारण एक साधी गोष्ट त्यांना आत्ता कळली: मी ज्या जिन्याने जाते त्या जिन्यावर बाई असतात. पोरांचा जिना मी कधी बघितलेलाच नाही, आणि कितीही वेळा चढले तरी मला तो दिसणार नाही. चोवीस वर्षं ज्या इमारतीत वावरलो तिच्यात एक अख्खी दुसरी इमारत आहे आणि तिचा पत्ता आपल्याला नाही, या विचाराने त्यांच्या अंगावर काटा आला. तो भीतीचा होता, पण सगळाच भीतीचा नव्हता.

आत मामा परीक्षानळ्यांचे स्टँड मांडत होते. मामा म्हणजे शाळेतलं सगळ्यात जुनं माणूस, बोलतात कमी, आणि काचेचं सामान असं धरतात की ते फुटायला धजत नाही. "मामा," लिटमसबाईंनी दम खात विचारलं, "माझ्या वर्गातली सतरा नंबरची मुलगी..."

"दाराची मुलगी ना?"

"दाराची?"

मामांनी स्टँड ठेवला. कोपऱ्यातल्या सामानाच्या कपाटापलीकडे लोखंडी जिन्याचं दार आहे, तिकडे हनुवटीने खूण केली. "तिथून येते ती. खालून मैदानाला वळसा घालून, मागच्या जिन्याने. दोनदा टकटक करते, मी उघडतो, ती तुमच्या दारात येऊन उभी राहते. तुम्ही उशीर लावता, मग बसते."

"पुढच्या जिन्याने का येत नाही?"

मामांनी त्यांच्याकडे असं बघितलं की बाईंना आपण काहीतरी वेड्यासारखं विचारलंय असं वाटलं. "खिडकीशी तिघी बसतात त्यांच्यामुळे. दप्तर खाली टाकतात तिचं, त्याच खिडकीतून. डबासुद्धा. एकदा हात असा पिरगाळला होता, मी हळद लावली. आणखी काहीतरी आहे, ते मला नाही सांगितलं. बाईमाणसाला सांग म्हटलं तर गप्प होते." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना हे सगळं?"

"मला कसं माहीत असणार?"

"मग ठिपका?" मामा म्हणाले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता, नुसतं नवल होतं. "काल मी माझा शेवटचा एक ठिपका तिच्यासाठीच ठेवला होता बाई. तिच्या ओळीपाशी गेलो तर तुमचा आधीच लागलेला. तुम्हाला लावताना बघितलं मी. म्हटलं, चला, बाईंना कळलंय, बाई बघून घेतील. आपला ठिपका मग त्या कवायतीत चक्कर येऊन पडणाऱ्या पोराला दिला. काल जाताना किती बरं वाटलं मला."

लिटमसबाईंचा चेहरा त्या वेळी लाल झाला नाही. पांढरा पडला, आणि हे मामांनी कधी पाहिलेलं नव्हतं. बाईंच्या त्या एका ठिपक्याने नुसती कोरी ओळ झाकली नव्हती. तिथे लागणारा एक खरा ठिपका त्याने ढकलून दिला होता. काल सहाशे बेचाळीस मुलांत सगळ्यांत एकटी कोण असेल तर ती, जिला कागदावर कोणीतरी आहे. आणि त्याच वेळी, शपथेवर सांगावं इतकं स्पष्ट, आतून एक जोर उसळला, की आत्ता, या मिनिटाला, अजून काहीतरी करता येईल. बाहेर घंटा झाली. जिन्यावर पावलांचा गडगडाट झाला, नववी ब दोन-दोनच्या जोड्यांनी आत येऊ लागली, वह्यांचा गठ्ठा घेऊन मॉनिटर पुढे. आणि कपाटापलीकडे टकटक झाली. दोनदा.

मामा कपाटाशी गेले, दाराच्या आडव्या दांड्यावर हात टाकला आणि विंचू चावल्यासारखा मागे घेतला. दांड्याच्या वर एक नवीकोरी लाल पेटी बसवलेली होती. "भोंगा," ते म्हणाले. "आजपासून. मी तिला सांगायला विसरलो बाई. आज सकाळपासून दहा वेळा बघितली ही पेटी, पण डोक्यातच आलं नाही." पुन्हा टकटक झाली, या वेळी तीनदा. "तुम्ही थांबा, मी पुढून उतरून मागे जातो. चार मिनिटं लागतील." पण ते हलले नाहीत. "मंगळवारी म्हणाली होती," मामा हळूच म्हणाले, "हे दार आहे म्हणून येते मी शाळेत, नाहीतर आलेच नसते. मी हसण्यावारी नेलं."

दाराच्या पलीकडे आता काहीच आवाज नव्हता. लिटमसबाईंनी पत्र्याला कान लावला. लोखंड गार होतं. पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं, की तो आपलाच श्वास, हे कळेना. "थांब!" त्या ओरडल्या. "मी बाई आहे! थांब तिथेच!" आणि ताबडतोब पायऱ्यांवर पावलं वाजली. खाली जाणारी. आपला आवाज ऐकून ती पळतेय, त्यांना कळलं, टकटक केल्यावर मामा उघडतात, बाई नाही. बाई म्हणजे लाल शाई. पावलं एक वळण उतरली. सूचनेवर सही आपली आहे. पाचवीतली मुलं घाबरतील. मोठ्या बाईंना काय वाटेल. उपमुख्याध्यापक चष्म्यावरून बघतील. हे सगळं एका क्षणात डोक्यात येऊन गेलं, आणि गंमत म्हणजे त्यातलं काहीच खरं वाटलं नाही, खरी वाटली ती फक्त पावलं. त्यांनी दोन्ही तळहातांनी दांडा ढकलला.

भोंगा असा काही किंचाळला की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. भस्सकन ऊन आत आलं. लिटमसबाई लोखंडी जिन्याच्या माथ्यावर उभ्या होत्या आणि खाली एक वळण उतरून, दप्तर पोटाशी धरून, एक मुलगी वर बघत होती. सावळी, डाव्या भुवईवर बारीक व्रण, वेणीची रिबीन सुटलेली. हा चेहरा आपण आठ महिने रोज बघतोय, बाईंच्या मनात आलं, आणि आज पहिल्यांदा बघतोय.  प्रश्न सगळे काल रात्रीच पुसून झाले होते. त्या धडाधड पायऱ्या उतरल्या, वीस वर्षांत उतरल्या नव्हत्या तशा, आणि तिचं मनगट धरून तिच्या शेजारी कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. मागून मामांनी वर्गाला शिस्तीत याच जिन्याने बाहेर काढलं, कारण भोंगा वाजला की जवळच्या दारातून निघायचं असा नियमच आहे. अख्खी नववी ब एका मागोमाग एक त्यांच्या अंगावरून उतरत गेली. त्या तिघीही गेल्या. मॉनिटरने जाता जाता मुलीकडे बघितलं, मग मुलीच्या मनगटावर असलेल्या बाईंच्या हाताकडे बघितलं, आणि झपकन नजर वळवली. लिटमसबाईंनी ते पाहिलं. काल हिला ठिपका लावताना किती ऐटीत लावला होता आपण.

मैदानात सहाशे बेचाळीस मुलं रांगांत उभी होती. पाचवीतली दोघं रडत होती, बाकीची खुशीत होती. मोठ्या बाई हातात यादी घेऊन धावतच आल्या. "कुठल्या मजल्यावर? आग आहे का?"

"आग नाही," लिटमसबाई म्हणाल्या. "दार मी उघडलं. ही बाहेर राहिली होती." आणि मग, आवाज खाली आणायचं भानच राहिलं नाही, "मोठ्या बाई, कालचा माझा एक ठिपका खोटा होता. मला हिच्याबद्दल काहीही माहीत नव्हतं. माहीत होतं ते मामांना, आणि माझ्यामुळे ते गप्प बसले. शाळा सुटल्यावर मी सगळं लिहून देते. त्यात माझ्या वर्गातल्या तीन मुलींची नावं असतील, आणि एक माझंही असेल." आजूबाजूचे शिक्षक वळून बघायला लागले. लाज वाटायला हवी होती, पण लिटमसबाईंना इतकं हलकं वाटत होतं की पाय जमिनीवर आहेत की नाहीत ते बघावंसं वाटलं.  मोठ्या बाई यादीची घडी घालून म्हणाल्या, "लिहून द्या. पण आत्ता ते महत्त्वाचं नाही. तुम्ही हिच्यापाशी थांबा. वर्ग मी बघते. आणि दप्तर घ्या तिच्या हातातून, किती घट्ट धरलंय बघा."

दप्तर तिने दिलं नाही. बाईंनी मागितलं नाही. दोघी भिंतीच्या कडेला उन्हात उभ्या राहिल्या. भोंगा बंद झाला तेव्हा कान सुन्न झाले होते, आणि त्या शांततेत मुलगी पहिल्यांदा बोलली. "बाई, आज पण उशीर लागणार?"

"आज अख्ख्या शाळेलाच उशीर झालाय," लिटमसबाई म्हणाल्या. "कुणाकुणाला लावू?"

मुलगी हसली नाही, पण तोंडाचा एक कोपरा जरासा हलला. लिटमसबाईंच्या जिभेवर प्रश्न आले, एक नाही, शंभर. जिन्यावर काय होतं, केव्हापासून होतं, मामांना काय सांगितलं नाहीस, मला का नाही सांगितलंस. प्रत्येक प्रश्न दातांशी येऊन थांबला. इतकं गप्प राहणं त्यांना आयुष्यात कधी जमलं नव्हतं. समोर रांगा वर्गांकडे परतू लागल्या होत्या. धूळ उडत होती. एक रांग संपली, दुसरी संपली. नववी ब निघाली, त्या तिघी निघाल्या, आणि मुलीचा हात दप्तरावर आणखी आवळला गेला. बाईंनी फक्त एक पाऊल पुढे टाकलं, इतकंच, की त्या तिघींना इथून मुलगी दिसू नये.

मैदान रिकामं झालं. "बाई," ती म्हणाली, "सगळं आजच सांगावं लागेल का? उद्या सांगितलं तर चालेल?"

उद्या! मामांना मंगळवारी ती म्हणाली होती, दार नसतं तर आलेच नसते. दार आता उरलं नव्हतं, त्याच्यावर लाल पेटी होती, आणि तरीही ती उद्या म्हणत होती. लिटमसबाईंना ओरडावंसं वाटलं, मैदानभर पळावंसं वाटलं, कुणाला तरी धरून गदागदा हलवावंसं वाटलं.

"चालेल," त्या म्हणाल्या. "मी सकाळी फाटकाशी असेन."